कार्यक्रमाला आलेला लंबू

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेली आहे. कुठे वाचलेली नाही, कोणी रंगवून सांगितलेली नाही. शेवटचा भाग तर माझ्या डोळ्यांदेखत घडला. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका, मी काही कोणाच्या हातापाया पडणार नाही. पण मग झोप उडाली तर मला बोल लावायचा नाही.

आणि एक आधीच सांगते. भुताखेताचं म्हटलं की लोकांना अंधार लागतो, कुत्र्यांचं रडणं लागतं. इथे त्यातलं काही नाही. ही गोष्ट भर दुपारची आहे, लख्ख उन्हातली.

तेव्हा लढाई चालू होती. मामा तरुण होते आणि पलटणीत त्यांच्याकडे फोनचं काम होतं.

डोंगराच्या आडोशाला तळ होता. वर कड्यावर एक छोटी चौकी. दोन्हींच्या मध्ये तार टाकलेली आणि तारेच्या दोन टोकांना दोन फोन. दांडी गरागरा फिरवली की पलीकडे घंटी वाजायची. मामा दिवसभर त्या फोनला चिकटलेले, म्हणून सगळे त्यांना ‘फोनवाला’ म्हणत.

तळ आणि चौकीच्या मध्ये एक उघडा उतार होता. झाड नाही, झुडूप नाही, नुसता बर्फ.

समोरच्या डोंगरावर शत्रूच्या तोफा. दिवसा त्या उतारावर कोणी हललं की गोळे पडलेच म्हणून समजा.

त्यामुळे चौकीवर जाणं-येणं फक्त अंधार पडल्यावर. पलटणीत कोणी एक वेळ स्वतःचं नाव विसरेल, पण हा नियम विसरणार नाही.

चौकीवर त्या दिवशी तिघे होते. त्यातला एक लंबू. मामांचा जिवाभावाचा दोस्त. नावाप्रमाणेच उंच, तंबूत शिरताना हमखास डोकं आपटून घ्यायचा आणि मग तंबूलाच शिव्या घालायचा. घरी बायको होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिची पत्रं तो मामांना वाचून दाखवायचा, आणि मधली दोन-चार वाक्यं खुशाल गाळायचा.

तो सुट्टीचा दिवस होता. मोठ्या सुट्टीला जवानांसाठी कलाकार यायचे. गाणारी एक बाई, दोन वाजवणारे आणि एक नकलाकार. लांबून ट्रकमध्ये धक्के खात आले होते बिचारे. रात्री दिवा लावायची सोय नव्हती, म्हणून कार्यक्रम दुपारी, मोठ्या तंबूत.

बसायला दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्या मांडल्या होत्या. पलटणीची एक पद्धत होती. चौकीवर असलेल्यांच्या जागा पहिल्या रांगेत रिकाम्या ठेवायच्या. तिथे दुसऱ्या कोणी बसायचं नाही, साहेबांनीसुद्धा नाही.

आणि चौकीवाल्यांना निदान ऐकू तरी यावं, म्हणून मामांनी फोन स्टेजच्या कडेला ठेवला. रिसीव्हर उचलून स्टेजकडे तोंड करून मांडला. वर लंबू कान लावून बसला होता.

“अरे, जवळ धर जरा,” तो ओरडत होता. “बाई गाणार आहे की नुसती खोकणार आहे?”

हे त्या नकलाकाराने ऐकलं.

माणूस मोठा हुशार. सकाळपासून तळावर फिरून त्याने सगळ्यांचे आवाज उचलले होते. त्याने सुरुवातच केली मेजरसाहेबांपासून. तोच घोगरा आवाज, तोच वाक्यानंतरचा खाकरा. साहेब समोरच बसलेले. तेसुद्धा पोट धरून हसायला लागले.

आणि त्या हसण्याच्या भरात नकलाकाराने रिसीव्हर उचलला. साहेबांच्या आवाजात म्हणाला, “लंबू, तू तिथे काय करतोयस? तुझ्यावाचून कार्यक्रम रंगत नाही. ताबडतोब खाली ये. हा हुकूम आहे.”

तंबू हसून हसून आडवा झाला.

मामाही हसले. मग त्यांनी रिसीव्हर कानाला लावला...

पलीकडून फक्त “हो साहेब” ऐकू आलं. आणि फोन ठेवल्याचा खट्ट आवाज.

मामांच्या तोंडचं पाणी पळालं.

लंबू थट्टेत एक नंबर, पण साहेबांचा शब्द म्हणजे त्याच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. साहेब जा म्हणाले की तो निघणार. दिवसाउजेडी. त्या उघड्या उतारावरून.

मामांनी वाकून साहेबांच्या कानात सांगितलं. साहेबांचं हसू तिथल्या तिथे विरलं. “फोन लाव,” ते म्हणाले. “आणि गाणं सुरू करा. कोणी उठायचं नाही.” तंबूतून माणसं बाहेर धावली असती तर समोरच्या तोफांना तळच सापडला असता.

बाई गायला उभी राहिली. मामा स्टेजच्या कडेला बसून दांडी फिरवत राहिले.

घंटी वाजत होती. कोणी उचलत नव्हतं.

बाकीचे दोघे बाहेर खंदकात पहाऱ्यावर असणार. आणि लंबू...

आता गोळ्याचा आवाज येईल, मग येईल, असं प्रत्येक क्षणाला वाटत होतं. डोळ्यांसमोर सारखी ती पत्रं येत होती.

तेवढ्यात तंबूचा पडदा बाजूला झाला.

लंबू आत आला.

मामांचा जीव भांड्यात पडला. उठून दोन ठेवून द्याव्यात आणि मग मिठी मारावी, असं त्यांना झालं. लंबू सरळ पहिल्या रांगेत आला. स्वतःच्या रिकाम्या पेटीवर बसला, गुडघे नेहमीसारखे वर काढून.

मामा त्याच्याकडे बघून हसले.

तो हसला नाही.

मग मामांच्या एकेक गोष्ट लक्षात यायला लागली.

इतक्या लवकर आला कसा? धावत सुटलं तरी त्या बर्फातून बराच वेळ लागायचा.

आत येताना त्याचं डोकं आपटलं नव्हतं.

आणि तंबूत इतका गारठा होता की प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. गाणाऱ्या बाईच्या, साहेबांच्या, मामांच्या स्वतःच्या...

लंबूच्या तोंडासमोर काहीच नव्हतं.

त्याच वेळी फोन वाजला.

मामांनी रिसीव्हर कानाला लावला.

“काय रे, घर जळतंय का तुझं? सारखी घंटी वाजवतोयस,” लंबूचा आवाज आला. “बाकीच्या दोघांना सांगायला बाहेर गेलो होतो. बूट आवळले, आता निघतोच आहे.”

मामांनी आधी स्टेजकडे बघितलं. नकलाकार वाजवणाऱ्यांच्या मागे उभा होता. तोंड मिटलेलं. काळजीने पांढरा पडला होता.

मग त्यांनी समोर बघितलं.

पेटीवर लंबू बसला होता. मामांकडेच बघत होता.

“ऐकतोयस ना?” फोनमधला लंबू म्हणाला. “निघू का?”

एक लंबू समोर आणि एक कानात. कोणाला उत्तर द्यायचं? शेवटी समोरच्याच्या डोळ्यांत बघत ते कसेबसे म्हणाले, “थांब. निघू नकोस. हुकूम खोटा होता. तिथेच थांब.”

“बरं,” फोनमधून आलं.

मामांनी रिसीव्हर खाली ठेवला आणि मान वर केली. पेटी रिकामी होती.

आणि मग उतारावर गोळे पडायला लागले. एकामागून एक. जमीन हादरली, बाईचं गाणं थांबलं.

आता मला सांगा. उतारावर चिटपाखरूसुद्धा नव्हतं. चौकीवरचे तिघे चौकीवर, तळावरचे सगळे तंबूत. मग शत्रूने तिथे कोणाला पाहिलं?

तंबूत दुसऱ्या कोणाला लंबू दिसला नव्हता. फक्त नकलाकार जाताना मामांना बाजूला घेऊन म्हणाला, “फोनवाले, पहिल्या रांगेतला तो उंच माणूस कोण? मघाशी एकदम येऊन बसला. न हसणारा माणूस आम्हाला लगेच दिसतो हो.”

अंधार पडल्यावर बदलीची माणसं वर गेली, वरची खाली आली. त्यांच्यात लंबू होता. मामांनी त्याला घट्ट मिठी मारली, रडलेसुद्धा.

“कार्यक्रम छान झाला,” लंबू म्हणाला. “बाई काय गायली.”

फोनवर ऐकलं असेल, असं मामांना वाटलं. अंथरुणावर पडल्यावर त्यांना उमगलं... बाई गायला लागली तेव्हा फोन बंद होता, नंतर चालू झाला तो फक्त त्या दोन-चार वाक्यांपुरता.

त्यांनी कधी विचारलं नाही. इतकी वर्षं माझ्याखेरीज कोणापाशी ब्र काढला नाही. दोघे घरी परतले, संसार झाले. पलटणीतले जुने लोक दरवर्षी त्या सुट्टीला एकत्र जमायचे आणि त्या कार्यक्रमाच्या आठवणी काढायचे. साहेबांच्या नकलेची नक्कल करायचे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. लंबूकाका तेवढे नुसते बसून राहायचे. मी लहान असताना मला वाटायचं, किती शिष्ट माणूस आहे हा.

गेल्या वर्षी लंबूकाका अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी हात टेकले. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी मामांना काकांच्या घरी घेऊन गेले. मागची खोली, खिडकीतून पलंगावर ऊन आलेलं. काकांच्या सूनबाई औषधाचा चमचा घेऊन उभ्या होत्या.

मामांना बघून काका एकदम स्पष्ट बोलायला लागले.

“फोनवाल्या, त्या बाईच्या चपलेचा पट्टा तुटला होता. तारेने बांधला होता तिने.”

मामांचा चेहरा उतरला. ते स्टेजच्या कडेलाच बसले होते, त्यांनी तो पट्टा पाहिला होता.

“तू फोनवर बोलत होतास,” काका म्हणाले. “माझ्याकडे बघून म्हणालास, तिथेच थांब. कोणाला सांगत होतास?”

“तुलाच रे.”

“मी तर तुझ्यासमोर बसलो होतो.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

“पण रात्री तू खाली आलास की,” मामा शेवटी म्हणाले. “मी मिठी मारली तुला.”

“मी खालीच होतो रे. तंबूमागे उभा. अंधार पडला, वरची माणसं आली, त्यांच्यात मिसळलो.” काका थांबले. त्यांना धाप लागली होती. “तो खाली आलाच नाही. तू थांब म्हणालास, तो थांबला. अजून तिथेच आहे. त्याची बायको, त्याचं घर, त्याची पोरं... सगळं मी वापरलं. आता मला नाही जमत. त्याला बोलाव, फोनवाल्या. तुझंच ऐकेल तो.”

मग मामांचा हात धरून म्हणाले, “पण अंधार पडला की बोलाव.”

सूनबाईंनी डोळे पुसले. हळूच मामांना म्हणाल्या, “काका, सकाळपासून असंच चाललंय त्यांचं. भ्रमात आहेत. तुम्ही हो म्हणा, बोलावल्यासारखं करा. म्हणजे जरा शांत झोपतील.”

मामांनाही दोस्ताचे हाल बघवेनात. ते वाकले. काकांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, “लंबू, ये रे बाबा. निघ आता. ये खाली.”

काकांचे डोळे खाडकन उघडले.

त्यांनी खिडकीकडे बघितलं. पलंगावरच्या उन्हाकडे बघितलं.

“आत्ता?” ते म्हणाले. “अरे, आत्ता नको म्हटलं होतं ना...”

त्यानंतर ते काही बोलले नाहीत. सूनबाईंनी नाकाशी हात धरला आणि हंबरडा फोडला.

त्याच वेळी खिडकीची काच थरथरली. लांबून धप्प असा आवाज आला. मग आणखी एक. मग पुन्हा एक. मी ऐकला. सूनबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मला कुठलं भान होतं.

रस्त्याचं काम चालू असेल, असं मी मनाला समजावते. मी मुद्दाम जाऊन बघितलं होतं, रस्ता ठीकठाक होता. पण असेल कुठेतरी पलीकडे.

मामा खुर्चीवर बसून राहिले होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वाटलं, दोस्त गेला म्हणून रडतायत.

“मामा, सुटले बिचारे,” मी म्हणाले.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

“इतकी वर्षं जपून होता गं तो तिथे,” मामा म्हणाले. “आणि मीच त्याला भर उन्हात उतारावर बोलावलं.”