जीपचं तेल जातं कुठं?

"मागं सरका! सगळे मागं सरका!" विश्वजीतकाका ओरडले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

लाल जीप एकदा खोकली, दोनदा खोकली आणि मग अशी काही गरजली, की अंगणातल्या कोंबड्या थेट कडब्याच्या गंजीवर जाऊन बसल्या! त्या गरजण्यात एक नवाच सूर होता. बारीक, चढत जाणारा. जणू बॉनेटखाली बसून कुणी शिट्टी फुंकत होतं.

"ऐकलंस?" वीरधवल राजेश्वरीच्या कानाशी ओरडला. "सुपरचार्जर! अख्ख्या पलूसात कुणाकडं न्हाई!"

राजेश्वरी आठवीची परीक्षा देऊन साताऱ्याहून काकांकडे सुट्टीला आली होती. वीरधवल तिचा चुलतभाऊ, तिच्याहून दोन वर्षांनी लहान आणि तिच्या दुप्पट बोलणारा. पलीकडच्या गल्लीतला आर्जव येऊन मिळाला, की तिघांची सुट्टी खरी सुरू व्हायची. यंदा तर बेतच मोठा होता. पाचगणीच्या घाटात जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांनी चढाईची शर्यत ठेवली होती. फौजेतून निवृत्त होऊन आल्यापासून काकांचा सगळा जीव त्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये अडकलेला. जीप शर्यतीत उतरणार होती आणि हे तिघं तिच्यातूनच पाचगणीला जाणार होते!

"पण हा सुपरचार्जर करतो काय?" आर्जवनं विचारलं.

उत्तर द्यायला जयराजकाका एका पायावर तयार होते. ते विश्वजीतकाकांचे दोस्त, शर्यतीपर्यंत इथंच मुक्कामाला आलेले. साताऱ्यात त्यांचं गाड्या सजवायचं दुकान होतं आणि सुपरचार्जर त्यांनीच बसवला होता.

"इंजिन श्वास घेतं ना? हा पठ्ठ्या त्याच्या नाकात जोरानं हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद! फिरतोही भन्नाट वेगानं, म्हणून त्याला सारखं तेल लागतं. ही बारीक नळी बघ, ती इंजिनमधलं तेल पंपाच्या जोरावर वर आणते. आणि ही जाड नळी तेच तेल परत खाली चेंबरमध्ये सोडते."

"चेंबर म्हणजे?"

"इंजिनच्या बुडाशी असतो तो तेलाचा हौद. त्याला भोक पाडून नळी जोडलीय. व्हिडिओ बघितला आणि स्वतःच्या हातानं केलं सगळं!"

"सगळा व्हिडिओ बघितला?" राजेश्वरीनं सहज विचारलं.

"शेवट शेवट जरा पळवला," जयराजकाका हसले. "त्यात काय असतंय!"

जीप आठवडाभर दिमाखात फिरली. मग एका सकाळी काकांनी बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी बाहेर ओढली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पट्टीच्या टोकाला तेल जेमतेम चिकटलं होतं. त्यांनी डबा आणून तेल भरलं. तासगावला एक फेरी मारून आले, पुन्हा पट्टी ओढली. तेल पुन्हा खाली!

"तेल डुप्लिकेट आहे," जयराजकाकांनी लगेच निकाल दिला. "पातळ असणार. जळून जातंय."

तेल आणलं होतं नेमिनाथकाकांच्या दुकानातून. नेमिनाथकाका म्हणजे आर्जवचे वडील आणि विश्वजीतकाकांचे शाळेपासूनचे मित्र! पण काकांचं डोकं तापलं होतं. ते तडक दुकानात गेले. मागोमाग राजेश्वरी आणि वीरधवल. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती, ट्रॅक्टरवाले होते, फवारणीची औषधं घ्यायला आलेले शेतकरी होते.

"नेमिनाथ, तेलात काय मिसळतोस?"

ट्रॅक्टरवाल्यांनी माना वळवल्या.

"सीलबंद डबा होता, विश्वजीत. तुझ्यासमोरच फोडला," नेमिनाथकाका हळूच म्हणाले.

"मग तेल काय उडून जातंय व्हय? एवढ्या वर्षांची वळख, आन् मलाच फसवलंस?"

नेमिनाथकाकांनी तराजूवरचं माप खाली उतरवून ठेवलं. एक गिऱ्हाईक हातातला डबा फळीवर परत ठेवून बाहेर निघून गेलं. पोत्यांच्या आड उभा असलेला आर्जव राजेश्वरीला दिसला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

दुसऱ्या दिवशी आर्जव आला नाही. संध्याकाळी दोघं त्याच्या घरी गेले.

"अण्णांनी मला अडवलं नाही," तो दारातूनच म्हणाला. "मीच येत नाही. तुझ्या पप्पांनी माझ्या अण्णांना लबाड म्हटलं, वीर. सगळ्यांसमोर!"

वीरधवलनं मान खाली घातली.

"ते खोटं आहे ना?" राजेश्वरी म्हणाली.

"शंभर टक्के खोटं!"

"मग रुसून बसायचंय, की खोटं आहे हे दाखवून द्यायचंय?"

आर्जव चपला घालून बाहेर आला.

"तुमच्या टेम्पोत कुठलं तेल घालता?" राजेश्वरीनं वाटेतच चौकशी सुरू केली.

"तेच! त्याच खोक्यातला डबा आहे. टेम्पो रोज सांगलीला जाऊन येतो. तेल जागच्या जागी आहे, मी आजच पट्टी बघितली."

"म्हणजे तेल चांगलं आहे. मग ते जीपमधून कुठंतरी जातंय."

काका आणि जयराजकाका शेताकडे गेले होते. तिघांनी जीपच्या चाकांना दगड लावले आणि बॉनेटखाली, चेंबरखाली, मागच्या चाकांपर्यंत जुनी वर्तमानपत्रं अंथरली. एक फेरी मारून आणून काकांनी जीप जागेवर उभी केली होती, इंजिन अजून कोमट होतं. तिघं पायरीवर बसून राहिले. मग वीरधवल पोटावर सरपटत आत शिरला.

"काय दिसतंय?"

"कालच्या क्रिकेटची बातमी दिसतीया!"

"वीर! तेल?"

"एक थेंब न्हाई गं!"

"गळत नाही, मग ते जळतंय," आर्जव म्हणाला. "जळलं तर धूर येणार."

सकाळी काकांनी जीप सुरू केली, तेव्हा राजेश्वरी मुद्दाम मागे जाऊन उभी राहिली. सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट निघाला. घशाला झोंबणारा! काका स्टिअरिंगवर होते, जयराजकाका मोबाइलवर. मागे बघायला कुणाला फुरसत होती!

तेल इंजिनात जळत होतं, एवढं नक्की. पण तिथं ते शिरलं कसं? दुपारी इंजिन गार झाल्यावर आर्जवनं सुपरचार्जरमधून इंजिनकडे जाणाऱ्या हवेच्या जाड रबरी पाइपाचा पट्टा सैल केला आणि आत बोट घातलं. बोट बाहेर आलं ते काळं, चकचकीत!

"हवेच्या पाइपात तेल!" राजेश्वरी पुटपुटली. "इथं तर फक्त हवा असायला पाहिजे."

"म्हणजे सुपरचार्जरच तेल ओकतोय!" वीरधवल ओरडला.

"पण का? वरून येणारं तेल खाली जायला नळी आहे ना?"

तिघांच्या नजरा एकदमच त्या जाड नळीवर गेल्या. नळी सुपरचार्जरच्या बुडातून निघाली होती. पण सरळ खाली न जाता ती आधी वर चढून एका आडव्या लोखंडी पट्टीवरून पलीकडे गेली होती आणि मग चेंबरमध्ये उतरली होती. दिसायला अगदी नीटनेटकी!

"येताना तेलामागं पंपाचा जोर असतो," राजेश्वरी सावकाश म्हणाली. "पण जाताना? जाताना त्याला कोण ढकलतंय?"

"कुणीच न्हाई! शेतात दांडाला मधी चढ आला, की पाणी मागंच तुंबतंय," वीरधवल म्हणाला.

"ए! हात बाजूला!" मागून आवाज आला. जयराजकाका! "काय उघडलंय ते? ही काय खेळणी आहेत?"

"जयराजकाका, ती नळी बघा ना, ती वर..."

"मला शिकवू नका! विश्वजीत, आवर रं या पोरांना!"

विश्वजीतकाकांनीही राजेश्वरीकडे बघून हात झटकला. "राजू, त्याला कळतंय त्यातलं. उद्या पहाटे निघायचं हाय. सामान भरा जावा."

तिघं ओसरीच्या मागे जाऊन बसले. तेल असंच जळत राहिलं, तर घाटाच्या मध्यावर चेंबर कोरडा पडणार होता. कोरडं इंजिन चढावर जाम झालं तर? आत पाच माणसं असणार होती!

"ते आपलं ऐकणार नाहीत," आर्जव म्हणाला.

"आपलं नको," राजेश्वरी उठली. "स्वतःचं तर ऐकतील! वीर, काकूंकडून काकवीची बरणी आण. आर्जव, शेजारच्या बांधकामावर गवंड्याकडे पातळी बघायची पारदर्शक नळी असते, ती मागून आण."

चहाच्या वेळी ओसरीच्या पायऱ्यांवर एक विचित्र मांडणी तयार झाली. बूड कापलेली प्लास्टिकची बाटली उलटी बांधलेली. तिच्या तोंडाला पारदर्शक नळी. ती नळी बाटलीच्या काठाइतक्या उंच विटांवरून जाऊन खालच्या बादलीत सोडलेली.

"जयराजकाका, एक अडचण आहे," राजेश्वरी अगदी गरीब चेहऱ्यानं म्हणाली. "शाळेसाठी प्रयोग करतोय. काकवी बादलीत जायला हवी, पण जातच नाही. तुम्हाला नळ्यांतलं कळतं ना?"

जयराजकाका खूश झाले. "ओत बघू."

वीरधवलनं काकवी ओतली. नळीत ती विटांपर्यंत चढली आणि तिथंच थबकली. बाटली भरत गेली, काठोकाठ आली आणि बदाबदा सगळीकडून बाहेर सांडली!

"माझी काकवी!" आतून काकू ओरडल्या.

"अरे, साधी गोष्ट आहे!" जयराजकाका पुढे सरसावले. त्यांनी विटा बाजूला सारल्या आणि नळी सरळ उतरती धरली. काकवी सुळकन बादलीत गेली. "बघितलं? मागं जोर नसेल, तर नळी पूर्ण उताराची पाहिजे. मध्ये चढ आला, की माल मागं तुंबणार आणि मिळेल त्या फटीतून बाहेर पडणार. लहान पोराला पण कळेल!"

"अस्सं होय!" राजेश्वरी म्हणाली. "मग जीपची परतीची नळी त्या आडव्या पट्टीवरून का चढवलीय?"

जयराजकाकांनी हातातल्या नळीकडे बघितलं. मग जीपकडे बघितलं. पुन्हा नळीकडे बघितलं.

"जयराज?" विश्वजीतकाकांनी कप खाली ठेवला.

"पट्टीखालून न्यायला नळी तोकडी पडत होती," ते खाली मान घालून म्हणाले. "होती त्यात भागवली. वरून नेली तर दिसतही बरी होती."

आर्जवनं काळं बोट पुढं केलं. मग निळ्या धुराचं सांगितलं, टेम्पोचंही सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर विश्वजीतकाकांनी आर्जवच्या खांद्यावर हात ठेवला.

"चल. तुझ्या दुकानात जाऊ."

"आत्ता? तिथं गर्दी असते या वेळी."

"असू दे की. गर्दीच पायजे."

दुकान खरंच भरलेलं होतं. विश्वजीतकाका पायरीवर उभे राहिले आणि परेडच्या आवाजात म्हणाले, "नेमिनाथ, तुझं तेल चोख हाय. चूक आमच्या फिटिंगची. मी समद्यांदेखत बोललो, म्हणून समद्यांदेखत माफी मागतो."

नेमिनाथकाकांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"एवढं ओरडू नको, विश्वजीत," शेवटी ते म्हणाले. "आत ये. आणि मला सांग, हे शोधलं कुणी?"

"तुझ्या पोरानं. आन् माझ्या या दोघांनी. आमी दोघं मोठी माणसं तशीच गाडी घाटात घालायला निघालो होतो. यांनी घालू दिली न्हाई."

नेमिनाथकाकांनी आर्जवकडे बघितलं. आर्जवची छाती दोन इंच तरी फुगली!

दुसऱ्या दिवशी पहाटे निघणं झालंच नाही; शर्यतीला अजून एक दिवस हाताशी होता, म्हणून बरं. जयराजकाका सांगलीला जाऊन तेलात टिकणारी लांब, जाड नळी घेऊन आले. ती आडव्या पट्टीखालून, तापणाऱ्या सायलेन्सरपासून दूर, पूर्ण उतारानं बसवली. हवेचे पाइप काढून पेट्रोलनं धुतले. बॅटरी धरून वीरधवल "अजून खाली! अजून खाली!" असं बजावत होता आणि जयराजकाका निमूटपणे ऐकत होते. त्या संध्याकाळी जीप कऱ्हाडला जाऊन आली. पट्टी ओढली, तेल जागच्या जागी! धुराचा पत्ता नव्हता.

शर्यतीच्या दिवशी गाडीत एक माणूस वाढला होता. नेमिनाथकाका दुकान बंद ठेवून आले होते. घाटाच्या पायथ्याला सगळे उतरले, कारण शर्यतीत फक्त चालकाला बसायची परवानगी होती. ते टेम्पो करून आधीच वर जाऊन थांबले. शेवटच्या वळणावर ती ओळखीची शिट्टी घुमली आणि लाल जीप धापा न टाकता वर आली.

"कितवे आलो?" वीरधवलनं विचारलं.

"शेवटून तिसरे," काका हसत म्हणाले. "पण आलो! दोन गाड्या तर घाटातच उभ्या हायत."

पांढऱ्या मिशांचे एक परीक्षक बॉनेटखाली वाकून बघत होते. त्यांनी जाड नळीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"परतीची लाइन फार व्यवस्थित घेतलीय. इथंच लोक चुकतात. कुणाचं काम हे?"

जयराजकाकांनी घसा साफ केला. विश्वजीतकाका त्यांच्याकडे बघत होते, नेमिनाथकाकाही बघत होते.

"नळी मी बसवली," जयराजकाका म्हणाले. "पण कशी बसवायची, ते या तिघांनी शिकवलं."

परीक्षकांनी चष्म्यावरून तिघांकडे बघितलं आणि आधी राजेश्वरीपुढे हात केला.

"या इकडे, इंजिनिअर मंडळी! त्या पलीकडच्या गाडीतून निळा धूर येतोय. जरा बघून सांगता का?"