मंगळवारचं यंत्र

पुण्याच्या प्रयोगशाळेत डॉ. नजमा पटवेकरांनी शर्वरी केळुसकरच्या कपाळावर घरी काम करताना लावायची शिरपट्टी बसवून दाखवली.

"हा अनुकारक. तुमचं काम पाहून शिकणारी संगणकातली प्रत," त्या म्हणाल्या. "आम्ही त्याला नियम शिकवत नाही. कोणत्या प्रसंगी तुम्ही काय करता, ते पाहून तो तसंच वागतो."

"सगळंच शिकतो?"

"सगळंच. त्यातलं साहेबांना चालणारं कोणतं, हे त्याला कळत नाही."

शर्वरीला मंगळवार आठवले. ती वेंगुर्ल्यात घरी बसून समुद्रतळावरच्या तारा तपासणारं तळयंत्र चालवी. धुळ्याच्या इंदूताई सोनवणे शेजारचं यंत्र चालवत. तीन वर्षांत दोघींची भेट झाली नव्हती, ओळख आवाजाचीच. इंदूताईंच्या यजमानांचं, भाऊंचं, दर मंगळवारी सकाळी दहाला डायलिसिस असे. कंपनीचे व्यवस्थापक भोगलेसाहेब रजा देत नसत आणि पंधरा मिनिटं यंत्र थांबलं, तर सगळ्यांदेखत पाणउतारा करत. म्हणून मंगळवारी शर्वरी गुपचूप दोन्ही यंत्रं चालवी. बाकीचे दहा चालकही असंच एकमेकांचं सांभाळून घेत.

आता ते उघडं पडणार होतं. इंदूताई फोनवर म्हणाल्या, "बाई, तू नको अडकूस माझ्यापायी."

"तुम्ही भाऊंना घेऊन जा हो," शर्वरी म्हणाली आणि मंगळवारी तिने शिरपट्टी लावूनच इंदूताईंचं यंत्र सुरू केलं.

सहा महिन्यांनी कंपनीने बाराही चालकांना एका ओळीच्या निरोपाने कामावरून काढलं. काम अनुकारकांकडे गेलं.

पुढच्याच मंगळवारी डॉ. नजमांचा फोन आला. "इंदूताईंचा अनुकारक दहा वाजता थांबला. आणि तुमचा आपण होऊन त्यांचं यंत्र चालवतोय!"

शर्वरीला हसू आलं, डोळेही भरले.

भोगलेंनी ती खोड पुसायला लावली. डॉ. नजमांनी आधीच बजावलं होतं, की दुसऱ्याच्या अडचणीला धावणं ही एकच सवय असते, तिचे तुकडे पाडता येत नाहीत. झालंही तसंच. चिखलात रुतलेल्या यंत्राला शेजारची यंत्रं पूर्वी ओढून काढत. आता ती बाजूने निघून जाऊ लागली. पंधरवड्यात बारांपैकी पाच यंत्रं गाळात बसली.

मग भोगलेंचाच फोन आला. "केळुसकर, तुम्ही सगळे परत या. अनुकारकांना नव्याने शिकवायचंय."

"काय शिकवू, साहेब?"

"तेच... तुम्ही एकमेकांसाठी करत होतात ते."

"मग इंदूताईंना मंगळवारची रजा द्या. लेखी. बाकीच्यांनाही अडीनडीला मिळाली पाहिजे."

"पाठवतो," भोगले पुटपुटले.

शर्वरीने लगेच धुळ्याला फोन लावला. सगळं ऐकून इंदूताई काळजीत पडल्या.

"अगं, पण मंगळवारी माझं यंत्र कोण चालवणार?"

"मीच की," शर्वरी म्हणाली. "फक्त आता चोरून नाही."