कुशीवर पडलेली अक्षरं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी मी हा विषय काढत नाही. त्यात सांगण्यासारखं थोडं आणि लपवण्यासारखं भरपूर आहे. तो दिवा तेवढा राहू द्या.

एकोणीस वर्षं मी इस्पितळाच्या तळघरात, स्कॅन विभागात टंकलेखक होतो. डॉक्टर स्कॅन बघून रिपोर्ट बोलून ठेवायचे, मी कानाला हेडफोन लावून तो टाइप करायचो आणि वॉर्डात पाठवायचो. डॉक्टर मंडळींची वाक्यं निम्मी हवेतच राहायची, ती मी पुरी करायचो. म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. माझ्या टाइपिंगमध्ये चूक दाखवा आणि चहा घ्या, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचो. एवढ्या वर्षांत चहा पाजायची वेळ आली नव्हती.

मग जुनी सिस्टीम काढून नवी आणली. ती बसवली आमच्या संगणकवाल्याने. चाळिशीचा, सडपातळ माणूस, जिना चढतानाही पळणारा. त्याने दोन दिवस आम्हा सगळ्यांना शिकवलं. मी शेवटच्या खुर्चीवर बसून त्याने वाटलेल्या कागदातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनाने काढत होतो. सतरा निघाल्या. शिकवणं संपल्यावर तो कागद मी सगळ्यांसमोर त्याच्या हातात दिला. तो हसला आणि म्हणाला, "तुमच्यापुढे आम्ही काय, मास्तर!" त्या कागदावर काय लिहिलं होतं विचाराल, तर मला एक ओळ सांगता आली नसती.

दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी एकच्या सुमारास एक बाई स्कॅनसाठी आली. शिवणकाम करणारी, चाळिशीची. बोटांच्या टोकांना सुईचे बारीक काळे ठिपके होते आणि कपड्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा वास येत होता. मोठ्या डॉक्टरबाईंनी स्कॅन पाहिला, घाईघाईने रिपोर्ट बोलून ठेवला आणि दुसऱ्या पेशंटकडे जाता जाता दारातून म्हणाल्या, "मास्तर, तारे!"

तारे म्हणजे तातडी. जुन्या सिस्टीममध्ये रिपोर्टच्या सुरुवातीला चांदणीचं बटण दोनदा दाबून दोन तारे टाकले की तो वॉर्डाच्या यादीत सगळ्यात वर जायचा. मी ऐकलं, टाइप केलं. फुफ्फुसात रक्ताची मोठी गाठ होती, लगेच उपचार हवे होते. दोन तारे टाकले, पाठवायचं बटण दाबलं. पावणेदोन वाजले होते.

बाईला वॉर्डात न्यायला माणूस मिळत नव्हता, म्हणून तिची ट्रॉली माझ्या दारासमोर, भिंतीला लावून ठेवली होती; तिथून माझी स्क्रीन दिसायची. उताणं पडलं की दम लागायचा, म्हणून ती एका कुशीवर माझ्याकडे तोंड करून पडली होती. "दादा, माझा रिपोर्ट झाला का हो?" तिनं विचारलं.

"केव्हाच गेला," मी म्हणालो.

अडीचच्या सुमाराला तिनं पुन्हा विचारलं, तेव्हाही मी तेच म्हणालो. असं दोनदा. तीन वाजता तिला वर नेलं. सव्वाचारला ती गेली. रिपोर्ट आला नाही म्हणून वॉर्डात कोणी औषध सुरूच केलं नव्हतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी स्क्रीनवर शोधलं. रिपोर्ट गेलाच नव्हता. नव्या सिस्टीममध्ये ताऱ्यांनी सुरू होणारा मजकूर अर्धवट समजून ड्राफ्टमध्ये राहायचा. संगणकवाल्याने वाटलेल्या त्या कागदावर हे ठळक अक्षरात होतं. त्या ओळीतली एक वेलांटी मी सुधारली होती.

मी तारे खोडले. रिपोर्ट क्षणात गेला. आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं तेव्हा मी मान वर करून सांगितलं, "मी दुपारीच पाठवला होता. नवी सिस्टीम आहे, मध्येच कुठे अडकला असेल." हात झटकून मोकळा झालो. चौकशी बसली ती संगणकवाल्यावर.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी माझी स्क्रीन फिरू लागली.

म्हणजे मॉनिटर जागच्या जागी, पण त्यावरचं सगळं आडवं व्हायचं. अक्षरं कुशीवर पडल्यासारखी. पाच-सात मिनिटं तशीच राहायची आणि आपोआप सरळ व्हायची. हे फक्त पावणेदोन ते तीन या वेळात व्हायचं. आमच्या तळघराला खिडकी नाही, भरदुपारीही बोळ अंधारलेला असतो. फिनेल आणि स्पिरिटचा वास कायमचाच. पण स्क्रीन फिरली की त्या वासांत आणखी एक वास मिसळायचा. मशीनच्या तेलाचा. मी पंखा मोठा करायचो आणि तिकडे लक्ष द्यायचो नाही.

शेवटी संगणकवाल्याला बोलवावंच लागलं. ज्याच्या गळ्यात मी फास अडकवला, त्यालाच माझी स्क्रीन नीट कर म्हणून सांगायचं. पण तो आला, आणि पळतच आला. डोळे सुजलेले होते.

"मास्तर, तुमचा हात चुकून दोन-तीन बटणांवर एकदम पडत असेल. तशीही फिरते."

"माझा हात? चुकून?" मी फटकारलं. इतकं होऊनही माझा ताठा तसाच होता बघा.

त्याने कीबोर्ड काढून ठेवला. स्क्रीन फिरली. दुसऱ्या दिवशी केबल बदलली. फिरली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या खोलीतला मॉनिटर आणून लावला, सेटिंगमधून फिरण्याची सोयच बंद करून टाकली. दोन वाजून दहा मिनिटांनी फिरली. तेव्हा नेमका तो चहा प्यायला वर गेला होता. तो असताना ती कधी फिरायची नाही.

"आज मी हलतच नाही," चौथ्या दिवशी तो म्हणाला. बोळात भिंतीला आता एक बाक आणून ठेवलं होतं, माझ्या दारासमोर. त्यावर तो बसला. जरा वेळाने हलक्या आवाजात म्हणाला, "तीन रात्री झोप नाही, मास्तर. सोमवारी माझ्या चौकशीचा निकाल. नोकरीचं जाऊ दे हो... पण डोळे मिटले की वाटतं, माझ्या हातून एक माणूस गेलं. रिपोर्ट कुठे अडकला, तेच सापडत नाही मला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पड जरा," एवढंच म्हणालो. "फिरली की हाक मारतो."

तो बाकावर आडवा झाला, हाताची उशी करून, माझ्याकडे तोंड करून. मी समोरचा रिपोर्ट टाइप करू लागलो. पंख्याची घरघर तेवढी होती. मग बोळाच्या टोकाकडून आवाज आला... चीं... चीं... तेल न घातलेल्या चाकाचा. हळूहळू जवळ येत तो दारापाशी थांबला. दारात कोणी नव्हतं. मशीनच्या तेलाचा वास मात्र एकदम दाटून आला.

आणि स्क्रीन फिरली.

"फिरली," मी कसाबसा म्हणालो. "अरे... ऊठ. फिरली बघ."

त्याने पडल्या पडल्या डोळे उघडले. बराच वेळ बघत राहिला.

"कुठे, मास्तर?" तो म्हणाला. "सरळच तर आहे."

तो कसा पडलाय, ते मला तेव्हा दिसलं. त्यालाही बहुधा त्याच वेळी कळलं. तो उठला नाही, हललाही नाही. ज्या जागी ट्रॉली होती त्या जागी, ती पडली होती तसाच तो पडला होता, आणि तिथून त्याला प्रत्येक ओळ सरळ दिसत होती.

"मास्तर..." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "हा तिचा रिपोर्ट आहे."

मी उघडला नव्हता. माझे दोन्ही हात मांडीवर होते. मजकूर हळूहळू वर सरकत होता. एक ओळ, मग थांबायचा. पुन्हा एक ओळ. वाचायची फारशी सवय नसलेलं कोणी बोट ठेवून वाचतं ना, तसा.

"सुरुवातीला हे तारे कसले?"

ते तारे मी स्वतः खोडले होते.

"ताऱ्यांनी सुरू झालेलं ड्राफ्टमध्येच राहतं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "मी सांगितलं होतं... कागदावर पण होतं..." मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी सगळं सांगितलं. त्याच्याकडे न बघता, त्या आडव्या अक्षरांकडे बघत सांगितलं. वाटलं होतं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तो उठून बसला, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान मुलासारखा रडू लागला. "म्हणजे माझ्या हातून नाही झालं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवायला गेलो आणि मागे घेतला. कोणत्या तोंडाने ठेवणार?

स्क्रीन कधी सरळ झाली, आमच्या लक्षातही आलं नाही.

त्याच संध्याकाळी मी माझा जबाब टाइप केला. दीड पान. तारे, ड्राफ्ट, नंतरची खाडाखोड, खोटं बोलणं, सगळं लिहिलं. बाईने दोनदा विचारलं आणि मी दोनदा 'गेला' म्हणालो, हेही लिहिलं. तीन वेळा वाचून काढलं, छापलं, पाकिटात घालून पाकीट बंद केलं आणि घरी घेऊन गेलो. रात्रभर ते उशाखाली होतं. बायकोने विचारलं, काय आहे? म्हटलं, ऑफिसचं आहे.

सोमवारी मोठ्या डॉक्टरबाईंनी माझ्यासमोर पाकीट फोडलं आणि वाचायला लागल्या. संगणकवाला माझ्या शेजारी बसला होता. दुसऱ्या पानावर त्या थांबल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मास्तर, बाकीचं मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "चूक होते. माणूस घाबरतो, खोटं बोलतो. पण हे... हे खरंच केलंत तुम्ही?"

"काय, बाई?"

त्यांनी वाचून दाखवलं. "तिसऱ्यांदा तिनं विचारलं, 'दादा, तिथं माझंच नाव दिसतंय ना? मग गेला कसा?' तेव्हा मी तिच्याकडे न बघता मॉनिटर भिंतीकडे वळवून ठेवला."

मी कागद हातात घेतला. माझंच टाइपिंग, माझेच परिच्छेद, माझ्यासारखाच नीटनेटका स्वल्पविराम. एकही वेलांटी चुकलेली नव्हती. फक्त ते वाक्य मी लिहिलं नव्हतं. त्या दुपारी तिथे ती बाई आणि मी, आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट मी कधी कोणापाशी बोललो नव्हतो. बायकोपाशी नाही, संगणकवाल्यापाशी नाही.

संगणकवाला माझ्याकडे बघत होता. तो रडला तेव्हाही त्याचे डोळे असे झाले नव्हते.

"तुम्हीच लिहिलंय ना हे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हो," मी म्हणालो, आणि खाली सही केली.

मघाशी तुम्हालाही मी 'असं दोनदा' एवढंच सांगितलं होतं.