अभिनंदन, हिल्केबद्दल

माझ्या आईला कुणी थांबवू शकत नाही, हे अख्ख्या लेमर गावाला ठाऊक होतं. पूलवाला बाउके गावात नवा होता, म्हणून त्याने थांबवलं.

शिडाची होडी आली, घंटा वाजली, कालव्यावरचा उचलता पूल वर गेला. आई सायकलवर, मागे मी, वरून भुरभुर पाऊस. आईने लगेच खिशातून अभ्यासाची कार्डं काढली. पूल वर असला तरी चार मिनिटं फुकट घालवणाऱ्यांतली ती नव्हेच. पण त्या दिवशी वाऱ्याचा एक झोत आला आणि कार्डं भुर्रकन उडाली!

उंचापुरा बाउके केबिनमधून धावत खाली आला. ओणवा होऊन त्याने रस्ताभर पसरलेली कार्डं वेचली आणि आईच्या हातात देताना... जरा जास्तच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग वर गेला. क्षणभराने भोंग्यातून आवाज आला –

"निळ्या रेनकोटवाल्या बाई! हृदयाला झडपा किती?"

एक कार्ड लबाडाने ठेवून घेतलं होतं. वीसेक सायकलवाले वळून बघायला लागले.

"चार!" आई ओरडली. "आणि तुम्हाला अक्कल किती?"

"थोडी होती... आत्ताच उडाली!"

त्या दिवसापासून रोजचंच झालं. आज मूत्रपिंड, उद्या फुप्फुस. आई चेहरा कडक ठेवून उत्तर द्यायची, पण घरातून मात्र पाच मिनिटं आधी निघायला लागली. पूल वर गेलाच, तर थांबायला वेळ असावा म्हणून! मी बारा वर्षांची होते, आंधळी नव्हते.

मी झाले तेव्हा आई सतरा वर्षांची होती. शाळा सुटली, आणि माझा बाप तर माझं तोंडही न बघता पसार झाला. आजोबा तिच्याशी बोलेनासे झाले. दर रविवारी बटाट्यांची पिशवी दाराशी ठेवायचे आणि घंटा न वाजवता निघून जायचे. आई वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागली. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, कूस बदलून द्यायची, घरी येऊन पुस्तक उघडायची. माझी वेणी घालता घालता तिने औषधांची नावं पाठ केली. मला कांजिण्या आल्या, तेव्हा माझ्या अंगावरचे फोड बघत त्वचेचा धडा संपवला. मदतनिसाची काळजीवाहक झाली, आणि आता परिचारिकेची शेवटची परीक्षा. ही बाई कशाची बनली आहे, ते मला आजही कळलेलं नाही.

"कॉफीला याल?" एकदा बाउकेने खाली उतरून विचारलं. भोंगा नव्हता, म्हणून आवाज अगदीच लहान झाला होता.

"परीक्षा झाल्यावर."

"आणि... नंतर?"

"नंतर ही आहे," आईने माझ्याकडे बोट केलं. "शिफ्टा आहेत. याआधी दोघं पळालेत, हिचा बाप आणि नंतर आणखी एक. तुम्ही किती दिवस टिकाल?"

"मी पूलवाला आहे हो. वाट बघणं हाच माझा धंदा."

मला हसू आलं. आई हसली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "यित्स्के, तिसऱ्यांदा मला नाही झेपायचं. तुलाही नाही." मग भांडी घासत बसली. एकच बशी तिने तीनदा घासली, तेव्हा मला कळलं की तिला बाउके हवा होता, आणि हवा होता म्हणूनच ती घाबरली होती.

जूनमध्ये आई पास झाली.

घरात खुर्च्यांचा गोल मांडला. कॉफी, गुलाबी आयसिंगचा केक. आमच्याकडे एकाचं काही चांगलं झालं की त्याच्या प्रत्येक माणसाचं अभिनंदन करतात, अगदी हात हातात घेऊन. आजोबाही आले होते, कोपऱ्यातल्या खुर्चीत, जॅकेट न काढता. आणि बाउके आला, कारण त्याला मी बोलावलं होतं.

त्याने रीतसर गोलाला सुरुवात केली. "अभिनंदन, यित्स्के, आईबद्दल." मग आजोबांसमोर वाकला. "अभिनंदन, लेकीबद्दल."

मी जन्मले तेव्हा गाव आजोबांची नजर चुकवत होतं. लेकीबद्दल त्यांचा हात कधी कुणी धरलाच नव्हता. ते सावकाश उभे राहिले.

"हो," म्हणाले. "माझी लेक."

आई कपांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. बाउके तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मी... बोटींसाठी पूल उचलतो," तो म्हणाला. "तुमच्यासाठी कुणी काहीच उचललं नाही, तरी तुम्ही पार झालात. मी असं कधी पाहिलेलं नाही."

तेवढ्यात शेजारची फोकेल आजी उशिरा आत शिरली. कानाने अधू, पण आवाज खणखणीत. आईच्या इतक्या जवळ उभा असलेला पुरुष बघून तिने थेट त्याचाच हात धरला.

"अभिनंदन हो! बायकोबद्दल!"

बाउकेचे कान लालबुंद झाले. तो 'नाही' म्हणाला नाही, 'हो' म्हणायचीही त्याची छाती झाली नाही. त्याने फक्त आईकडे बघितलं. सगळेच आईकडे बघायला लागले.

"आजी," आई मोठ्याने म्हणाली, "लग्न नाही झालेलं अजून." मग थांबली... "पण अभिनंदन राहू दे."

"राहू दे?" बाउकेने विचारलं.

"तुलाही कमी ऐकू येतं का रे?"

*तुला!* इतक्या दिवसांचं 'तुम्ही' एका क्षणात गळून पडलं होतं. बाउके वेड्यासारखा हसत सुटला, आणि आईसुद्धा.

आजोबांनी जॅकेट काढून खुर्चीवर टाकलं. चार पावलं चालत ते बाउकेपाशी आले आणि आपला जाडजूड हात त्यांनी पुढे केला.

"अभिनंदन, पोरा," ते म्हणाले. "माझ्या हिल्केबद्दल."