निकोलसकाकांचं लॉग-इन

पटलं नाही तर सोडून द्या, पण यात माझ्या पदरचं काही नाही. फेबियन माझा सख्खा मावसभाऊ.

गास गाव. २ नोव्हेंबर २००४, मंगळवार. दुपारचे साडेतीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला फेबियनची लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर सांभाळायच्या कामाची, परीक्षा होती. लेखी नाही, मशीनवर करून दाखवायची. पास झाला की अंधेरीची नोकरी पक्की. आठ महिने घरी बसून पोरगा पार वैतागला होता.

सराव एकच. युजर बनवायचे, पासवर्ड द्यायचे, मग सगळे उडवायचे. पुन्हा पहिल्यापासून.

नावं सुचेनात. टेबलावर त्याच्या आईनं, व्हेरोनिकामावशीनं, लिहून ठेवलेली यादी होती. मृतांचा दिवस ना! संध्याकाळी चर्चच्या मिस्सात घरातल्या गेलेल्या माणसांची नावं वाचतात. मावशी कबरी साफ करायला गेली होती.

या शहाण्यानं यादीतल्या अकराही जणांना युजर करून टाकलं.

मग एकेक उडवायला घेतला. आजी, आजोबा, मामा...

निकोलसकाकांपाशी मशीन अडलं.

हा युजर काढता येत नाही... तो आत्ता लॉग-इन आहे.

निकोलसकाका म्हणजे फेबियनच्या बापाचा मोठा भाऊ. महातापट. बायकोला मारायचा, गुरांना मारायचा. विहिरीत पडून गेला, तेव्हा अख्खं घर सुटलं.

फेबियननं आत कोण कोण आहे ते तपासलं. एक तो स्वतः. दुसरा... निकोलस.

याच मशीनवर, बटण दाबून उघडतो त्या दुसऱ्या पडद्यावर. घरात नेटवर्क नाही, साधा फोनसुद्धा नाही.

चुकून आपणच उघडलं असेल, म्हणून तो तिकडे गेला.

तिथे एकच आज्ञा होती. फेबियनला उडव.

मशीननं नकार दिला होता. खाली पुन्हा तीच आज्ञा. पुन्हा नकार. चौदा वेळा.

आणि त्याच्या डोळ्यांदेखत... पंधराव्यांदा.

कीबोर्डची बटणं आपोआप खाली जात होती. खाड्... खाड्... बुक्क्या घातल्यासारखी. स्पेसबार तडकला.

त्याला थांबवायला फेबियननं कीबोर्डवर हात ठेवला.

तो कुणीतरी धरला.

मग एकेक बोट मागे वळायला लागलं. कट्... कट्... तो गुरासारखा ओरडत होता, पण हात सुटेना.

कबरींवरून परतणारी मावशी ओरडणं ऐकून धावत आली तेव्हा टेबल रक्तानं भरलं होतं.

"कोनी मारला रे तुला?"

"निकोलसकाका..."

तिनं तडक दारामागचा कोयता घेतला आणि मशीनचे तुकडे केले.

बुधवारी दहा वाजता फेबियन ऑपरेशन टेबलावर होता. "दारात सापडला का हात?" डॉक्टरांनी विचारलं. मावशी हो म्हणाली.

नोकरी दुसऱ्याला गेली. बोटं पुढे बऱ्यापैकी वळायला लागली, तरी फेबियन वाडीतली केळीच बघतो. मीही हेच लिनक्सचं काम करतो, म्हणून एकदा न राहवून म्हटलं, "अरे, पुन्हा दे की परीक्षा. माझ्या ऑफिसात ये, तिथे सराव कर."



"नको रे," तो म्हणाला. "मी बसलो की तोपण येऊन बसतो."