हललेला हात

आईला धाकट्याचा एक धड फोटो हवा होता, भिंतीवर लावायला. घरात त्याचे फोटो ढीगभर. पण एकातही चेहरा स्पष्ट नाही. पायाला भिंगरी लावल्यासारखा असायचा तो. बटण दाबेपर्यंत मान वळलेली. उन्हाळ्यात तापानं गेला तेव्हा मागे उरले ते नुसते पुसट डाग.

त्याची थोरली बहीण, ताई, फोटोग्राफर. तिच्याकडेही तसा फोटो नव्हता. पानझड सुरू झाली तशी ती नेहमीप्रमाणे जंगलात गेली, पण एकटीच. दरवर्षी ट्रायपॉड उचलायला तो असायचा. "अख्खं रान लालपिवळं, आणि तू काळेपांढरे फोटो काढ," तो म्हणायचा. "तायडे, डोकं फिरलंय तुझं." रंग वजा केले की झाडाचा आकार कळतो, हे तिनं त्याला दरवर्षी समजावलं होतं.

उजेड कमी होता. तिनं शटर बराच वेळ उघडं ठेवलं. अशा फोटोत हलणारं सगळं पुसट होतं. स्थिर असेल तेवढंच स्पष्ट उरतं.

घरी बाथरूममधल्या लाल दिव्याखाली तिनं फोटोचा कागद रसायनात सोडला. गळत्या पानांच्या फिकट रेघा सगळीकडे उमटल्या. फक्त एका जाड खोडाजवळ, माणसाएवढ्या जागेत, एकही नव्हती.

फिल्म खराब असेल. नवी फिल्म घेऊन ती पुन्हा त्याच झाडासमोर उभी राहिली. तिथे कुणी नव्हतं. ओल्या पानांचा वास तेवढा होता.

या वेळी कागदावर खोडाजवळ आधी शर्टाची कॉलर उमटली. मग हनुवटी.

मग तो.

पापणी न पापणी स्पष्ट. इतका स्थिर तो कधीच उभा राहिला नव्हता. फक्त उजवा हात हललेला, पुसट.

ताईनं ओला फोटो आईपुढे टेबलावर ठेवला.

"किती शहाण्यासारखा उभा राहिलाय गं," आई म्हणाली. "आणि हात?"

"नको म्हणत असेल. परत जा म्हणत असेल."

"छे! बोलावतोय."

उन्हाळ्यापासून आई घराबाहेर पडली नव्हती. तिनं खुंटीवरचा त्याचा स्वेटर काढला, दाराशी वाकून चपला शोधल्या.

"आई, अगं थांब!"

आईनं मागे पाहिलं नाही.

ताई तिच्यामागे धावणार, तेवढ्यात तिची नजर टेबलावर गेली.

फोटोतला हात आता स्पष्ट होता. खाली आलेला, स्वस्थ. बोलावून झालं होतं.