दगडसरांचं खातं

ज्या दिवशी त्याचा पाय तिच्या वायरीत अडकला, त्या दिवशी अख्ख्या विज्ञान इमारतीचं इंटरनेट गेलं. ती शिडीवर उभी राहून छताला वायफायचं नवं यंत्र बसवत होती, आणि हा दगडांची पेटी छातीशी धरून, समोरचं काही न दिसता, थेट वायरीत!

"डोळे घरी ठेवून आलात का?" ती वरून ओरडली.

"नाही हो, आणलेत सोबत... पण आत्ता ते वर अडकलेत," तो खालून म्हणाला.

अशी ही ओळख. विद्यापीठाचं सगळं नेटवर्क सांभाळणारी ती 'नेटबाई', आणि हंगामी नेमणुकीवर भूगर्भशास्त्र शिकवणारा तो 'दगडसर'. मग काय, त्याचा कॉम्प्युटर सारखा आजारी पडू लागला. कधी प्रिंटर रुसायचा, कधी हा पासवर्ड विसरायचा. तिला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. तरी ती जायची, आणि केस विंचरून जायची.

आज दुपारी खिडकीच्या काचेवर पाऊस वाजत होता, आणि तिच्यासमोर कार्यालयाचा आदेश उघडला. 'भूगर्भशास्त्र, हंगामी व्याख्याता. यांचं नेटवर्कवरचं खातं आज बंद करावं.'

खातं बंद म्हणजे माणूस निघाला. नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या मागची दारं तीच तर लावायची! काल हाच माणूस तिच्यासमोर बसून खिदळत होता... आणि एका शब्दाने बोलला नाही? तिला ते बटण दाबवेना. ती तशीच उठली. छत्री टेबलावरच राहिली.

तो प्रयोगशाळेत नळाखाली दगड धूत होता. ती दारातच थांबली, चिंब भिजलेली.

"केव्हा सांगणार होतात?"

"कळलं तुम्हाला? अहो, मी आत्ता तुमच्याकडेच—"

"आत्ता? सगळं ठरल्यावर?"

"ऐका तरी—"

"नाही ऐकायचं! तुझा प्रिंटर कधीच बिघडला नव्हता, माहितीये मला! मी काय वेडी म्हणून जिने चढून यायचे? तू आवडतोस म्हणून यायचे!"

त्याच्या हातातला दगड धाडकन बेसिनमध्ये पडला. तिने स्वतःच्या तोंडावर हात दाबला. हे... हे आपण बोललो?

"मी कुठेही जात नाहीये," तो कसाबसा म्हणाला. "कायम झालोय. सकाळीच कळलं."

"मग... खातं?"

"कायम झालं की हंगामी खातं बंद, नवं सुरू. नियम आहे म्हणे. कुणा कडक बाईंनी केलाय."

घाबरण्याच्या नादात तिच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तो नियम तिचाच होता! साहेबांशी हुज्जत घालून तिनेच तो करून घेतला होता. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दुसरा आदेश आला होता: 'नवं खातं सुरू करावं.'

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तो मात्र आता हसत होता.

"जुनं खुशाल बंद करा. पण आत्ता जे बोललात, ते नव्या खात्यात येईल ना?"

"आधी... तुझं उत्तर," ती खाली बघत पुटपुटली.

"ते तर पहिल्याच दिवशी दिलं होतं की. डोळे अजून तिथेच अडकलेत."

आज ती शिडीवर नव्हती. तरी तिला आधार हवासा वाटला, आणि तिने त्याचा ओला हात घट्ट धरला.